रेफरन्सपाशी अडकलेली ऑफर: आधी काय तपासायचं, नंतर काय

मुलाखतीच्या फेऱ्या झाल्या, पगाराचं बोलणं झालं, एचआरने कागदपत्रं मागवली आणि मग सगळं थंडावलं. फोन केला की "तुमची बीजीव्ही (बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी) चालू आहे" एवढंच उत्तर. पुण्यात एचआरमध्ये काम करताना रेफरन्स तपासणीचे, म्हणजे उमेदवाराबद्दल त्याने नाव दिलेल्या जुन्या वरिष्ठांना विचारण्याचे फोन मी स्वतः केले आहेत, आणि नोकरी बदलणाऱ्या मुलामुलींना याच टप्प्यावर बरीच वर्षं मदतही करते आहे. तोच बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो. उमेदवाराची पहिली शंकाही दर वेळी तीच असते: जुन्या मॅनेजरने माझ्याबद्दल काहीतरी वाईट सांगितलं असणार. बहुतेक वेळा तसं काहीच झालेलं नसतं. फोन उचललेला नसतो, तारखा जुळत नसतात, किंवा ज्यांचा नंबर दिला त्यांना तो दिल्याचा पत्ताच नसतो. म्हणून संशयापासून सुरुवात करू नका. खाली ज्या क्रमाने लिहिलं आहे त्याच क्रमाने तपासा, कारण सुरुवातीच्या गोष्टींना पैसे लागत नाहीत आणि बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात.

लक्षणं

फॉर्म भरून दोन-तीन आठवडे झाले तरी स्थिती "प्रलंबित" दाखवते. किंवा एचआरकडून मेल येतो की दिलेल्या व्यक्तीशी संपर्क झाला नाही, दुसरं नाव द्या. ही दोन्ही लक्षणं संपर्काच्या बिघाडाची आहेत. पहिल्या तीन तपासण्या त्यांच्यासाठीच.

"डिस्क्रिपन्सी" असा शब्द मेलमध्ये आला, स्पष्टीकरण मागितलं, किंवा जॉइनिंगची तारीख कारण न सांगता पुढे ढकलली, तर माहिती जुळत नाही. तिथे चौथी आणि पाचवी तपासणी कामाची.

रेफरन्स देणाऱ्याने "कंपनीच्या धोरणानुसार मला बोलता येणार नाही" असं सांगितलं असेल, तर माणूस चुकीचा निवडलाय. सहावी पाहा.

तुमच्या आत्ताच्या ऑफिसात कुणकुण लागली, साहेबांनी बोलावून विचारलं, तर सातवी. ते लक्षण सगळ्यांत धोक्याचं आहे, कारण त्यात हातातली नोकरीही जाऊ शकते.

आणि एक लक्षण वेगळं आहे: एकाहून अधिक कंपन्यांत सगळं छान चाललं, रेफरन्स गेले आणि त्यानंतरच शांतता पसरली, शिवाय प्रत्येक ठिकाणी नावं तीच दिली होती. असं झालं असेल तरच कुणीतरी खरोखर प्रतिकूल बोलत असल्याचा विचार करा. तेही बाकीचं सगळं तपासून झाल्यावर; त्यासाठी आठवी.

तपासण्यांकडे जाण्याआधी एवढं समजून घ्या. मोठ्या कंपन्या हे काम बाहेरच्या पडताळणी एजन्सीला देतात. तिथल्या मुलीसमोर रेफरन्स देणाऱ्याला विचारायच्या प्रश्नांचा ठरलेला फॉर्म असतो: कधीपासून कधीपर्यंत, पद काय, तुम्हीच वरिष्ठ होतात का, काम कसं होतं, सोडण्याचं कारण, सचोटीबद्दल काही तक्रार, पुन्हा कामावर घ्याल का. ती ऑफिसच्या वेळात काही वेळा फोन करते, एक-दोन मेल टाकते आणि उत्तर आलं नाही तर तसा शेरा मारून पुढच्या नावाकडे वळते. तुमच्याशी तिचं काही वैर नाही आणि तुमची बाजू समजून घ्यायला वेळही नाही. छोट्या कंपनीत मात्र मालक किंवा ज्यांच्या हाताखाली काम करायचं तेच फोन करतात आणि मोकळेपणाने बोलतात. त्या बोलण्यात आवाजातला उत्साह, थांबणं, टाळणं सगळं ऐकलं जातं.

पहिली तपासणी: तुम्ही नेमकं काय लिहून दिलंय

भरलेला फॉर्म पुन्हा उघडा. मोबाइलचे दहा आकडे मोजा. ईमेलचं स्पेलिंग एकेक अक्षर वाचा. तो पत्ता अजून चालू आहे का, हे बघा. माणसाने कंपनी सोडली की तिथला ईमेल बंद होतो, पण तुमच्या दोन वर्षांपूर्वीच्या बायोडेटातून तोच पत्ता फॉर्ममध्ये उतरतो. लिंक्डइनवर ती व्यक्ती आता कुठे आहे, पद काय आहे ते पाहा आणि फॉर्ममध्ये आत्ताचं पद लिहा. तुम्ही एकत्र काम करत होतात तेव्हाचं पद आणि कंपनी वेगळ्या रकान्यात येतात. पडताळणारेही आधी लिंक्डइनच बघतात. तिथे एक आणि फॉर्ममध्ये दुसरं दिसलं की पहिली शंका तिथेच उपटते.

एजन्सी बऱ्याचदा ऑफिसचा ईमेल मागते, खासगी जीमेल मान्य करत नाही. जीमेलचा पत्ता कुणीही कुणाच्याही नावाने काढू शकतो, हे त्यामागचं कारण. समोरची व्यक्ती निवृत्त झाली असेल किंवा स्वतःचा छोटा धंदा करत असेल तर ऑफिसचा ईमेल असणारच नाही. मग तुम्हीच एचआरला आधी कळवा, लिंक्डइनचा दुवा द्या आणि विचारा की फोनवरची पडताळणी चालेल का. बहुतेक ठिकाणी चालते. मात्र विचारावं लागतं.

दुसरी तपासणी: त्यांना सांगितलंय का

सगळ्यांत जास्त बिघाड इथे सापडतो. मुलं फॉर्म भरतात रात्री अकराला, तीन नावं लिहितात आणि झोपतात. दुसऱ्या दिवशी त्या सरांना अनोळखी नंबरवरून फोन येतो: "अमुक उमेदवाराबद्दल माहिती हवी आहे." ते मीटिंगमध्ये असतात, नाव पटकन आठवत नाही, "नंतर करा" म्हणतात. नंतर फोन येतो किंवा येतही नाही. शिवाय कुणाचा मोबाइल नंबर त्यांना न विचारता तिसऱ्याला देणं बरंही दिसत नाही.

म्हणून नाव लिहिण्याआधी फोन करा. फक्त मेसेज टाकून भागवू नका, आधी बोला. विचारताना "रेफरन्स द्याल का" एवढंच न विचारता असं विचारा: "सर, माझ्या कामाबद्दल तुम्ही मोकळेपणाने चांगलं सांगू शकाल का? अडचण असेल तर स्पष्ट सांगा, मी दुसरं नाव देईन." नकार द्यायची वाट मोकळी ठेवली की उत्तर खरं मिळतं. "हो हो, दे ना माझं नाव" असं घाईत आलं, किंवा "बघू" म्हणाले, तर ते नाव वापरू नका. मनापासून हो म्हणणारा माणूस लगेच विचारतो: कुठली कंपनी, कुठलं काम?

होकार आला की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर किंवा मेलने सगळं एका जागी लिहून पाठवा. मी मुलांना देते तो मजकूर असा:

"नमस्कार सर, फोनवर बोलल्याप्रमाणे तपशील पाठवत आहे. पद: क्वालिटी इंजिनिअर. कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते, चाकण. तुमच्या विभागात मी जून २०१९ ते ऑगस्ट २०२२ होते, पद असिस्टंट इंजिनिअर, तेव्हाचं माझं नाव लग्नाआधीच्या आडनावाने होतं. तुमच्या देखरेखीखाली मी इनकमिंग इन्स्पेक्शन सांभाळलं आणि पुरवठादारांकडून येणारा नापास माल कमी करण्याच्या कामात होते. सोडण्याचं कारण मी 'लग्नानंतर पुण्यात स्थलांतर' असं लिहिलं आहे. येत्या आठवड्यात पडताळणीचा फोन किंवा मेल येईल. मेल स्पॅममध्येही जाऊ शकतो, कृपया तिथेही पाहावं. तुम्हाला बोलायला सोयीची वेळ सांगितलीत तर मी एचआरला कळवेन."

यातली प्रत्येक ओळ एकेका बिघाडासाठी आहे. तारखा यासाठी, की साहेबांना वर्ष-सहा महिन्यांचा फरक आठवत नाही आणि ते "दीड-दोन वर्षं असेल" म्हणून मोकळे होतात. फॉर्ममध्ये तीन वर्षं असतात आणि विसंगतीचा शेरा बसतो. कामाची आठवण यासाठी, की त्यांच्या हाताखालून पुष्कळ माणसं गेलेली असतात. सोडण्याचं कारण यासाठी, की तुम्ही एक लिहिलंत आणि ते दुसरं बोलले तर दोघंही खरं बोलत असूनही खोटे वाटता. यात त्यांना पढवणं नाही. जे घडलं तेच आठवून द्यायचं आहे. जे घडलं नाही ते लिहून पाठवू नका. सज्जन माणूस तिथेच नाव मागे घेईल आणि ते योग्यच असेल.

तिसरी तपासणी: फोन उचलला जातोय का

तुम्ही सांगितलंय, त्यांना मान्य आहे, तरीही संपर्क होत नाही. हे अलीकडे फार वाढलंय, आणि कारण साधं आहे: एजन्सीचे नंबर दिवसाला शेकडो लोकांना लावले जातात, त्यामुळे ट्रूकॉलरवर ते लाल दिसतात. कर्जाच्या आणि क्रेडिट कार्डांच्या फोनना वैतागलेला माणूस असा फोन कापतो किंवा अनोळखी नंबर थेट बंदच करून ठेवतो. एचआरला विचारा की एजन्सी कुठली आणि शक्य असेल तर फोन कुठल्या नंबरवरून जातो. ते रेफरन्स देणाऱ्याला कळवा. नंबर मिळाला नाही तर निदान एजन्सीचं नाव कळवा. नाव ऐकलं की माणूस बोलतो.

परदेशातल्या नोकरीला हे आणखी लागू होतं. ब्रिटनच्या किंवा अमेरिकेच्या कोडने आलेला फोन आपल्याकडे सरळ फसवणुकीचा समजतात. त्यात वेळेचा घोळ. न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ होतात, आणि मिरजेतल्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाई (परिचारिकांच्या प्रमुख) तेव्हा घरी स्वयंपाकघरात असतात. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत) जाणाऱ्या परिचारिकांना मागच्या तीन वर्षांच्या नोकऱ्यांचे संदर्भ द्यावे लागतात आणि तेही हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवरून हवे असतात. सांगली-कोल्हापूरकडच्या कित्येक छोट्या हॉस्पिटलांचा सगळा पत्रव्यवहार आजही जीमेलवर चालतो. अशा वेळी नुसती वाट पाहू नका. भरती करणाऱ्याला लगेच विचारा: लेटरहेडवरचं सही-शिक्क्याचं पत्र, रजिस्ट्रेशन क्रमांक आणि हॉस्पिटलचा लँडलाइन चालेल का? उत्तर लेखी घ्या आणि त्याप्रमाणे पत्र मिळवा.

चौथी तपासणी: त्यांना तुम्ही कुठल्या नावाने माहीत आहात

ही तपासणी कुणाच्याच डोक्यात येत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर ऑफर अडकण्याचं हे मोठं कारण आहे. लग्नानंतर आधार आणि पॅनवर नाव बदललं. नव्या कंपनीला तेच दिलं. आधीच्या कंपनीच्या दप्तरात मात्र माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, मधलं नाव वडिलांचं. एजन्सीने जुन्या एचआरला विचारलं, त्यांनी यादीत शोधलं, उत्तर दिलं: या नावाची कुणी कर्मचारी नव्हती. यात कुणीच खोटं बोललेलं नाही, तरी अहवालात लाल शेरा येतो. काही घरांत लग्नानंतर पहिलं नावही बदलतात. मग तर दुवाच उरत नाही.

पुरुषांनाही हे चुकत नाही. कुणाचं नाव एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, पदवीवर नाही. शॉप फ्लोअरवर सगळे "पाटील" म्हणूनच ओळखतात आणि एकाच लाइनवर चार पाटील असतात.

उपाय फुकट आहे. फॉर्ममध्ये "पूर्वीचं नाव" असा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका. नसेल तर एचआरला मेल करून दोन्ही नावं आणि जुना कर्मचारी क्रमांक द्या, सोबत विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातल्या नावबदलाची प्रत जोडा. रेफरन्स देणाऱ्यालाही नवं नाव सांगा. कर्मचारी क्रमांक हा सगळ्यांत पक्का दुवा, कारण तो बदलत नाही. जुन्या सॅलरी स्लिपवर सापडेल.

पाचवी तपासणी: तारखा आणि पद

आता थोडा वेळ लागेल, एक संध्याकाळ काढा. बायोडेटा, फॉर्म, रिलीव्हिंग लेटर (कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र), सॅलरी स्लिपा आणि पीएफचा सर्व्हिस हिस्टरीचा उतारा शेजारी-शेजारी ठेवा. पीएफच्या सदस्य पोर्टलवर बारा आकडी यूएएनने (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाने) लॉगिन केलं की सर्व्हिस हिस्टरी दिसते: कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलं. तुमचा रेफरन्स कितीही चांगला बोलो, नवी कंपनी हा उतारा मागतेच, आणि दोन्हींत फरक दिसला तर ती तोंडी शब्दापेक्षा नोंदीवर विश्वास ठेवते.

तिथे सापडणारे नेहमीचे घोळ तीन. पहिला, जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नाही, त्यामुळे कागदावर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करताय. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने उलटले की ही तारीख "मार्क एक्झिट"मधून तुम्ही स्वतः भरू शकता; आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. ज्या महिन्यात शेवटची वर्गणी पडली त्याच महिन्यातली तारीख निवडता येते, म्हणून पासबुक आधी बघा आणि रिलीव्हिंग लेटरशी ताडून मगच भरा. दुसरा, एक यूएएन असताना नव्या नोकरीत दुसरा काढला गेला आणि जुनी नोकरी तिथे दिसतच नाही. तिसरा, लागल्याची तारीखच चुकीची पडली. ती जॉइंट डिक्लरेशन नावाच्या दुरुस्ती-अर्जाने दुरुस्त होते. १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून मिळालेल्या यूएएनसाठी अशा बऱ्याच दुरुस्त्या आता कंपनीच्या मंजुरीशिवाय होतात. त्याआधीच्यांना कंपनीकडे जावं लागतं.

पीएफमध्ये नोंद नाही म्हणजे नोकरीच नव्हती असं होत नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी पीएफ सहसा बंधनकारक नसतो. तिथे बँकेत जमा झालेला पगार, नियुक्तीपत्र, फॉर्म १६ (मालकाने पगारातून कर कापल्याचं प्रमाणपत्र) आणि फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा उतारा) कामी येतात. मात्र पगारातून करच कापला गेला नसेल तर २६एएसमध्ये तो मालक दिसणार नाही, हे लक्षात असू द्या. कंपनी बंद पडली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची स्थिती दिसते. त्या पानाची प्रत आणि हे कागद एकत्र द्या, जोडीला तिथल्या जुन्या सहकाऱ्याचं नाव द्या.

पदाचं म्हणाल तर नियम कडक ठेवा: नियुक्तीपत्रात जे पद आहे तेच लिहा. काम टीम लीडचं करत असाल तर ते कामाच्या वर्णनात लिहा, पदाच्या जागी नाही. जुने एचआर दप्तरात पाहून सांगतात, त्यांना तुमचं काम माहीत नसतं.

सहावी तपासणी: माणूस योग्य निवडलाय का

नावांची निवड आपल्याकडे फार भावनेने होते. मामा मोठ्या हुद्द्यावर आहेत, शेजारचे काका नगरसेवक आहेत, म्हणून त्यांची नावं जातात. खासगी नोकरीत याचा उपयोग शून्य आणि तोटा खरा: तुमच्या कामाबद्दल सांगणारं कुणी नाही, असा अर्थ त्यातून निघतो. ओळखीने आत शिरण्याचा रस्ता रेफरलचा, म्हणजे कंपनीतल्याच कुणी तुमचं नाव सुचवण्याचा असतो. तो अर्जाच्या सुरुवातीला वापरायचा. ओळखीच्या प्रतिष्ठित माणसांची नावं लागतात ती सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात, जिथे तुमच्या परिसरातल्या दोन जबाबदार व्यक्ती विचारतात.

खासगी नोकरीसाठी सगळ्यांत वजनदार नाव म्हणजे ज्यांनी तुमचं काम रोज पाहिलं आणि जे आता त्या कंपनीत नाहीत, असे जुने वरिष्ठ. कारण असं की पुष्कळ कंपन्यांत चालू व्यवस्थापकांना कंपनीतर्फे रेफरन्स द्यायला बंदी असते. एचआर फक्त तारखा आणि पद सांगतं. व्यवस्थापक बोलले नाहीत तर तो तुमच्याविरुद्धचा कौल नाही, ते नियम पाळताहेत. हे नव्या एचआरला आधीच सांगून ठेवा. कंपनी सोडून गेलेल्या वरिष्ठांवर तो नियम नसतो. दुसरं नाव ग्राहकाकडचं किंवा दुसऱ्या विभागातलं, तिसरं सहकाऱ्याचं. तीनही सहकारी देऊ नका.

थर्ड पार्टी पेरोलवाल्यांची अडचण मला सगळ्यांत जास्त टोचते. मुलगा तीन वर्षं चाकणच्या किंवा वाळूजच्या मोठ्या कारखान्यात राबतो, पण पगार कंत्राटदाराचा. बायोडेटात कारखान्याचं नाव लिहिलं की कारखान्याचं एचआर सांगतं, हा आमचा कर्मचारी नाही. कंत्राटदाराचं लिहिलं तर तिथल्या कारकुनाला तो चेहऱ्यानेही माहीत नसतो. हिंजवडीत क्लायंटच्या जागेवर बसणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांचंही हेच. उपाय असा: नोकरी म्हणून कंत्राटदाराचं नाव, त्याखाली "कामाचं ठिकाण" म्हणून कारखान्याचं नाव. रेफरन्स दोन: तारखांसाठी कंत्राटदाराचं ऑफिस, कामासाठी ज्यांच्या लाइनवर होतात ते सुपरवायझर, आणि दोघांचं नातं फॉर्ममध्ये स्पष्ट लिहा. सुपरवायझर इंग्रजीत बोलायला कचरतात म्हणून मुलं त्यांचं नाव टाळतात. टाळू नका. एचआरला सांगा की ते मराठीत किंवा हिंदीत बोलतील. पुण्याच्या एचआरला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

पहिलीच नोकरी असेल तर प्रोजेक्ट गाइड, इंटर्नशिपमधले वरिष्ठ, अप्रेंटिसशिपचे प्रशिक्षक. प्राध्यापकांना कॉलेजात जाऊन भेटा. वर्गातल्या साठ मुलांतला कोण, हे फोनवर आठवत नाही.

सातवी तपासणी: आत्ताच्या ऑफिसात फोन जाणार नाही ना

फॉर्ममध्ये कुठेतरी एक चौकोन असतो: सध्याच्या मालकाशी संपर्क साधावा का? तिथे "नाही, राजीनाम्यानंतर" असं लिहा आणि त्याच दिवशी एचआरला वेगळा मेल करा. चौकोन पुढच्या माणसापर्यंत पोहोचतोच असं नाही, मेल तुमच्याकडे पुरावा म्हणून राहतो. आत्ताच्या साहेबांचं नाव ऑफर लेटर हातात पडण्याआधी देऊ नका. आग्रह झाला तर सांगा: "ऑफर आणि राजीनामा झाल्यावर जरूर करा." जी कंपनी हे समजून घेत नाही तिला मी तरी दुसरं नाव देऊन थांबले असते. फोन आधीच गेला असेल तर साहेबांशी खोटं बोलू नका. संधी आली होती, बोलणं चालू आहे, एवढं शांतपणे सांगा आणि नव्या कंपनीकडून लेखी ऑफर लवकर मागा.

आठवी तपासणी: खरंच कुणी वाईट बोलतंय का

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरीही तीच गोष्ट पुन्हा घडते आहे, तर शंका घ्यायला जागा आहे. पहिला उपाय, ज्या नावाबद्दल शंका आहे ते काढा आणि पुढच्या अर्जात दुसरं द्या. ते कायद्याने बांधलेलं नाव नाही. दुसरा, नकार देणाऱ्या कंपनीच्या एचआरला नम्रपणे विचारा की रेफरन्समध्ये काही आलं का. सगळे सांगत नाहीत, काही जण सांगतात. तिसरा आणि सर्वांत अवघड, त्या जुन्या वरिष्ठांना फोन. भांडायला नाही, "माझ्या कामात तुम्हाला काय कमी वाटलं?" हे विचारायला. कधी कधी ते अर्धवट सोडलेल्या कामाचं, न भरलेल्या नोटीस पिरियडचं सांगतात. ते तुमच्या हातात असेल तर निस्तरा.

नाव टाळता येत नसेल, म्हणजे ते तुमचे एकमेव वरिष्ठ होते, तर नव्या कंपनीला तुम्हीच आधी सांगा: "त्यांच्याशी कामाच्या पद्धतीवरून मतभेद होते. त्या काळातलं माझं काम या दोघांनी पाहिलंय, त्यांच्याशीही बोला." हे दोन वाक्यांत संपवा, जुन्या साहेबांची निंदा करू नका. आधी ऐकलेली गोष्ट नंतर कानावर आली की तिचा धक्का बसत नाही.

मित्राला एचआर बनवून जुन्या साहेबांना फोन करायला लावणं, मित्रालाच मॅनेजर म्हणून उभं करणं, हे दोन्ही करू नका. नंबर कुणाचा, लिंक्डइन काय म्हणतं, पीएफ काय म्हणतं, हे सगळं ताडलं जातं, आणि उघडकीस आलं तर रुजू झाल्यावरही नोकरी जाते.

इथे थांबा, स्वतः करू नका

कुणी "एक्सपिरियन्स लेटर आणि रेफरन्स, दोन्हीची सोय करतो" म्हणून पैसे मागितले तर तिथेच संपवा. बनावट कागद वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे, आणि देणारा गायब होतो, अडकता तुम्ही. "पडताळणीची फी भरा" म्हणणारी कंपनीही खरी नसते. पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पीएफची तारीख दुरुस्त करायचा अर्ज फेटाळला गेला किंवा कंपनी सहीच देत नसेल तर पुन्हा पुन्हा तोच अर्ज भरू नका. तक्रार ईपीएफआयजीएमएस या पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंदवा आणि क्रमांक घेऊन विभागीय कार्यालयात जा. पुण्यात ते गोळीबार मैदानाजवळ आहे.

जुनी कंपनी रिलीव्हिंग लेटर अडवून बसली आहे, बॉन्डचे पैसे मागते आहे, दप्तरात "फरार" किंवा "गैरवर्तन" असा शेरा मारलाय, किंवा चोरी-अफरातफरीसारखा आरोप तोंडी पसरवला जातोय, तर कामगार कायद्याच्या वकिलाकडे जा. कामगार वर्गात मोडत असाल तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयातही दाद मागता येते. रागाच्या भरात स्वतः नोटीस लिहू नका, समाजमाध्यमांवर साहेबांचं नाव घेऊन लिहू नका. बदनामीच्या कायद्यात सद्भावनेने दिलेल्या मताला अपवाद आहेत, आणि तुमचं रागातलं लिखाण तुमच्यावरच उलटू शकतं. वकिलाकडे जाताना नियुक्तीपत्र, राजीनाम्याचा मेल आणि त्याला आलेलं उत्तर, शेवटच्या तीन सॅलरी स्लिपा, फुल अँड फायनलचा (नोकरी सोडतानाचा शेवटचा) हिशेब, पीएफचा उतारा आणि नव्या कंपनीने विसंगतीबद्दल पाठवलेला मेल तारखेच्या क्रमाने लावून न्या. नवी कंपनी वाट बघत असेल तर वकिलाला भेटल्याच्याच दिवशी त्यांना कळवा की प्रकरण मार्गी लावत आहात आणि किती दिवस लागतील.